तुमच्या घरात कपडे कोण धुतं?

बडोद्यात वाढलेल्या माणसाला बाजार संशोधन ही गोष्ट परकी नाही. १९६० साली विक्रम साराभाईंनी ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप ही संस्था इथेच काढली. गावात तिला सगळे ओआरजीच म्हणायचे. दुकानांतल्या मालाच्या खपापासून ते १९७० आणि १९८० सालच्या कुटुंबनियोजनाच्या देशव्यापी पाहण्यांपर्यंत कितीतरी कामं तिथून झाली. दांडिया बाजारात आमच्या शेजारी राहणारे काका तिथं नोकरीला होते. दुकानांचं ऑडिट हे त्यांचं काम. ठरलेल्या दुकानांत ठरलेल्या दिवशी जायचं, फळीवरचा आणि माळ्यावरचा माल मोजायचा, खरेदीची बिलं तपासायची. मागचा शिल्लक माल अधिक मधली खरेदी, त्यातून आजचा शिल्लक माल वजा केला की खरा खप हातात येतो. मी त्यांना एकदा विचारलं होतं, "काका, दुकानदाराला सरळ विचारलं तर नाही का चालत?" ते म्हणाले, "त्याला सकाळचं गिऱ्हाईक आठवतं गं, महिना आठवत नाही. म्हणून मोजायचं."

कारखान्यातून किती माल बाहेर पडला ते कंपनीला ठाऊक असतं. पण तो घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात पडून आहे की घराघरांत पोहोचला, हे तिला काकांसारखी माणसंच सांगू शकत. आणि घरात पोहोचल्यावर पुढे काय होतं, ते सांगायला आमच्यासारख्या बायका लागतात.

मी होम सायन्स शिकलेली. मुलगा शाळेत जायला लागल्यावर एका फिल्ड एजन्सीत मुलाखती घेण्याचं काम धरलं. त्यांना गुजराती, मराठी आणि हिंदी, तिन्ही भाषांत सहज बोलणारी आणि अनोळखी दार वाजवायला न कचरणारी बाई हवी होती. बऱ्याच पाहण्यांवर काम केलं, पण सगळ्यात जास्त शिकवलं ते कपडे धुण्याच्या पावडरीच्या एका चाचणीनं. तीच सांगते.

आधी ब्रिफिंग. मुंबईहून आलेल्या संशोधक बाईंनी प्रश्नावली ओळ न् ओळ वाचून घेतली. प्रश्न जसा छापलाय तसाच वाचायचा, स्वतःचा एक शब्द घालायचा नाही. "पावडर बरी वाटली ना?" यातला "ना" सुद्धा चालत नाही, कारण त्या "ना"मध्ये उत्तर ऐकू येतं. समोरची बाई घुटमळली तर सुचवायचं नाही, "आणखी काही?" एवढंच म्हणायचं. "माहीत नाही" हेही उत्तरच, त्यावर गोल करायचा आणि पुढे जायचं. मग एकमेकींच्या मुलाखती घेऊन सराव झाला. आमच्यातली एक जण नुसती मान डोलवत होती, तर बाईंनी तिला तिथंच थांबवलं. तुम्ही मान डोलवलीत की समोरची त्याच दिशेनं बोलत राहते, म्हणाल्या. हे मला इतकं पटलं की घरी मुलाला शाळेतलं काही विचारतानाही मी माझी मान धरून ठेवायला शिकले.

पावडरीचे दोन प्रकार होते. दोन्ही कोऱ्या पांढऱ्या पुड्यांत, वर नाव नाही, फक्त तीन आकडी नंबर. ए आणि बी अशी नावं का नाहीत, तर लोकांना ए म्हटलं की पहिला, म्हणजे सरस, असं वाटतं. निम्म्या घरांत एक पुडा आधी, निम्म्या घरांत दुसरा आधी. कारण पहिल्या पुड्याची छाप दुसऱ्यावर पडतेच. दोन्हीकडे सारखी पडली म्हणजे हिशोबात ती कटते. छापील पुडा दिला असता तर बायकांनी नावाला मार्क दिले असते, पावडरीला नाही.

फिल्डवर पहिला नियम उजव्या हाताचा. सुपरवायझर सुरुवातीचा पत्ता देतो, तिथून उजवीकडे वळत जायचं आणि ठरलेली घरं सोडून पुढचं दार वाजवायचं. कारेलीबागेतल्या सोसायट्यांत हे सोपं. मांडवीच्या आसपासच्या पोळांत, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट गल्ल्यांत, मात्र एकाच दारातून आत गेलं की चौकाभोवती चार बिऱ्हाडं, जिना चढला की आणखी दोन. मग दारातच उभं राहून आधी बिऱ्हाडांची यादी करायची आणि मग मोजायला लागायचं. ओळखीचं घर दिसतंय, तिथं पाणीही मिळेल आणि मुलाखतही, असा मोह प्रत्येकीला होतो. पण ओळखीची घरं घेत गेलं तर आमच्यासारख्याच लोकांची पाहणी होईल, बडोद्याची होणार नाही. बंद घरही लगेच सोडायचं नाही, वेगवेगळ्या वेळी पुन्हा जायचं. दुपारी कुलूप असलेल्या घरातली बाई नोकरीला गेलेली असते. तिला वगळलं तर कंपनीला वाटेल की सगळं बडोदं दुपारी घरीच असतं.

दारावर नकार खूप मिळतो, आणि त्यात लोकांची चूक नाही. "सर्वे करतोय" म्हणून आत शिरणारे आणि शेवटी पिशवीतून काहीतरी विकायला काढणारे लोक प्रत्येक गल्लीत येऊन गेलेले असतात. संशोधनाच्या नावाखाली विक्री करणं आमच्या व्यवसायाच्या आचारसंहितेत साफ निषिद्ध आहे. एसोमार या आंतरराष्ट्रीय संस्थेनं अशी संहिता १९४८ साली पहिल्यांदा काढली होती, इतकी ही काळजी जुनी आहे. असा एक विक्रेता येऊन गेला की त्या गल्लीतली दारं आमच्यासाठी कितीतरी दिवस बंद होतात. मला याचा खरोखर संताप येतो, कारण त्यात लोकांचा विश्वास जातो आणि तो परत मिळवायला कुणाकडेच उपाय नसतो. मी ओळखपत्र गळ्यात घालून, दारापासून दोन पावलं मागे उभी राहायची. "ताई, काही विकायचं नाही. तुमचं मत हवंय. नको वाटलं तर मध्येच थांबवा," एवढं सांगून गप्प राहायची.

दार उघडलं की लगेच पावडरीवर येता येत नाही. आधी गाळणी. घरात कुणी जाहिरात कंपनीत, बाजार संशोधनात, वर्तमानपत्रात किंवा साबण-पावडरीच्या धंद्यात आहे का? असेल तर आभार मानून निघायचं. असा माणूस गिऱ्हाईक म्हणून बोलत नाही, जाणकार म्हणून बोलतो. मग घराचा आर्थिक स्तर. उत्पन्न कुणी विचारत नाही, कारण उत्पन्नाचा आकडा कुणी खरा सांगत नाही. २०११ पासून जी पद्धत आली तिच्यात दोनच गोष्टी बघायच्या: मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण, आणि ११ गोष्टींच्या यादीतल्या किती घरात आहेत. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, चारचाकी, एसी आणि शेतजमीन. त्यावरून ए१ पासून ई३ पर्यंत १२ पायऱ्या. बडोद्यात ही शेतजमीन पुष्कळदा चकवते. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारं कुटुंब, आणि गावाकडे जमीन आहे म्हणून एक वस्तू वाढते. त्यानंतर आलेल्या नव्या पद्धतीत वस्तूंची यादी गेली. कमावत्याचा व्यवसाय, आणि घरातल्या सर्वांत शिकलेल्या पुरुषाचं व सर्वांत शिकलेल्या बाईचं शिक्षण, असं धरतात. बाईचं शिक्षण हिशोबात आलं याचा मला मनापासून आनंद आहे. घरात काय येतं आणि काय नाही, हे त्याच्यावर किती अवलंबून असतं ते मी दारोदार पाहिलंय.

रावपुऱ्यातल्या एका वाड्यातली मुलाखत मला सगळी आठवते. सासूबाई, दोन सुना, एक नणंद. मी विचारलं, "तुमच्या घरात कपडे कोण धुतं?" सासूबाई म्हणाल्या, "लिही, मी सांगते. पावडर मीच आणते." पण प्रश्न धुण्याचा होता. धुवायच्या दोघी सुना, आलटूनपालटून. अशा वेळी एकीची निवड आम्ही करायची नसते, घरच्यांनीही नाही. पात्र बायकांची नावं वयाच्या उतरत्या क्रमानं लिहायची आणि प्रश्नावलीच्या नंबराचा शेवटचा आकडा एका तक्त्यात बघायचा. तक्ता ज्या नावावर येईल तिचीच मुलाखत. लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञानं १९४९ मध्ये ही पद्धत मांडली, फिल्डवर आम्ही तिला नुसतं ग्रिड म्हणतो. ग्रिड धाकट्या सुनेवर आलं. सासूबाईंना ते रुचलं नाही. "तिला काय कळतंय?" मी तक्ता त्यांच्यासमोर धरला आणि म्हटलं, "काकू, मी निवडलं नाही, या आकड्यानं निवडलं. पावडर विकत कोण घेतं हा प्रश्न पुढे आहे, तो तुमच्यासाठीच आहे." तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं.

सून मात्र दर उत्तराला सासूकडे बघायची. मग मी म्हटलं, कपडे कुठं धुता ते दाखवाल का? ती मला मागच्या चोकडीवर, म्हणजे धुण्याच्या मोरीवर, घेऊन गेली. तिथं नळ सोडल्यावर ती बोलायला लागली. रोज किती पावडर घालता, या प्रश्नाला तिनं आधी "दोन चमचे" सांगितलं होतं. आमच्याकडे छोटा वजनकाटा असायचा; घालता तेवढी यात घालून दाखवा, असं सांगायचं. तिनं डब्यातला चमचा बाजूला ठेवला आणि मुठीनं घातली. कॉलर आणि बाह्यांना वेगळी चिमूट, ती हिशोबात धरलेलीच नव्हती. काट्यावर आलेलं वजन दोन चमच्यांच्या कितीतरी वर होतं. ती कुजबुजली, "आईंना चमचाच सांगा हं." मी म्हटलं, मी त्यांना काहीच सांगणार नाही, आणि कंपनीकडेही तुमचं नाव जात नाही. नाव-फोनचं पान प्रश्नावलीपासून वेगळं काढतात, तिथं फक्त नंबर उरतो. हे मी प्रत्येक घरी सांगायचे. आता २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला आहे, पण चोकडीवर उभं राहून एका सुनेला दिलेला शब्द मला कायद्याइतकाच मोठा वाटला.

पुडा ठेवून यायचं आणि आठवड्यानं पुन्हा जायचं, याला प्लेसमेंट आणि कॉलबॅक म्हणतात. कॉलबॅकला पहिला प्रश्न नेहमी एकूण पावडर कशी वाटली हा. वास, फेस, मळ, हात चरचरणं हे सगळं नंतर. आधी बारीकसारीक विचारलं की तेच मनात घोळत राहतं आणि एकूण मत त्यावर झुकतं. इथं एक अडचण कायमची आहे. आपल्याकडे कुणी फुकट दिलेल्या वस्तूला नाव ठेवत नाही. "चांगलीच आहे की!" असं म्हणून चहा पुढे करतात. पाच पायऱ्यांच्या शोकार्डवर, म्हणजे उत्तरं छापलेल्या कार्डावर, बोट सरळ वरच्या दोन पायऱ्यांवर जातं. म्हणून शेवटी किंमत दाखवून विचारायचं, "या किमतीला घ्याल का?" तेव्हा बोट थोडं खाली सरकतं. तरीही "नक्की घेईन" म्हणणाऱ्या सगळ्या जणी दुकानात घेत नाहीत हे संशोधकांना ठाऊक असतं. ते हा आकडा एकटा वाचत नाहीत, आधीच्या तशाच चाचण्यांच्या आकड्यांशी लावून बघतात.

खरा माल असतो तो उघड्या प्रश्नांत. "काय आवडलं नाही?" खाली तीन कोऱ्या ओळी. तिथं बाई बोलेल ते तिच्याच शब्दांत उतरवायचं. घाईत इंटरव्ह्युअर "फेस कमी" लिहून मोकळी होते. तरसालीकडच्या एका सोसायटीत एक बाई म्हणाली, "टाकीचं पाणी भरलं की फेस धरतच नाही, नळाचं आलं त्या दिवशी मस्त होतो." मी जसंच्या तसं लिहिलं. पुढच्या इमारतीतल्या बाईनंही तसंच काहीसं सांगितलं. मग लक्षात आलं की त्यांच्याकडे बोरचं पाणी येतं. जुन्या शहरात आजवा सरोवराचं आणि महीचं पाणी, बाहेरच्या काही वस्त्यांत बोर आणि टँकर. बोरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला तर चोथाच करून टाकतं. डिटर्जंट त्यात बरं टिकतं, पण त्याचाही काही भाग त्या क्षारांवरच खर्ची पडतो. मग बाई दुप्पट पावडर घालते आणि म्हणते, ही पावडर पुरत नाही. ऑफिसात कोडिंग करणाऱ्या, म्हणजे सारख्या उत्तरांना एकच कोड देणाऱ्या, मुलानं या सगळ्या उत्तरांना "कमी फेस" हाच कोड दिला होता. मी सुपरवायझरला सांगितलं, यात पाण्याचा कोड वेगळा हवा, नाहीतर दोन वेगळ्या तक्रारी एक होतील. त्यानं मुंबईला कळवलं आणि कोड वेगळा झाला.

बॅकचेकची लोकांना कल्पना नसते. आमच्या मुलाखतींतल्या काही घरी सुपरवायझर परत जातो किंवा फोन करतो: बाई आली होती का, किती वेळ बसली, पुडा दिला का, अमुक प्रश्न विचारला का. घरी बसून खोटे फॉर्म भरणारे या धंद्यात आहेत, आणि खोट्या फॉर्ममध्ये उत्तरं फार छान जुळतात. पुढे टॅब आल्यावर ठिकाण आणि वेळ आपोआप नोंदली जाऊ लागली. मला ते आवडलं. प्रामाणिक काम करणाऱ्याला तपासणीचा त्रास नसतो.

याच पावडरीच्या जाहिरातीसाठी नंतर ग्रुप, म्हणजे गटचर्चा, झाला. आठ बायका, एक मॉडरेटर, आणि शेजारच्या खोलीत टीव्हीवर हे सगळं बघणारे कंपनीचे आणि जाहिरात संस्थेचे लोक. बायका जमवण्याचं काम माझं होतं, म्हणून मलाही मागे बसायला मिळालं. जाहिरात अजून चित्रित झालेली नव्हती. दोन गोष्टी चित्रांच्या पानांवर होत्या. मॉडरेटरनं बोलायच्या आधी प्रत्येकीला चिठ्ठीवर आपलं मत लिहायला लावलं. हे फार गरजेचं असतं, कारण ग्रुपमध्ये एखादी मोठ्या आवाजाची असतेच आणि बाकीच्या तिच्या मागे जातात. चिखलात माखलेल्या मुलाची गोष्ट सगळ्यांना आवडली. त्यातल्या आजीवर सगळ्या हसल्या, दोघींनी ती गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. थोड्या वेळानं मॉडरेटरनं सहज विचारलं, "ती कोणाची जाहिरात म्हणायची?" तर निम्म्या जणींनी दुसऱ्याच कंपनीचं नाव घेतलं. शेजारच्या खोलीत एकदम शांतता. आवडलेली जाहिरात आणि कामी आलेली जाहिरात यात किती अंतर असतं ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

एका मावशींनी न विचारता सर्फच्या जुन्या जाहिरातीतल्या ललिताजींची आठवण काढली. ती जाहिरात त्यांना का आठवते, याचं त्यांनी दिलेलं कारण जाहिरातीच्या कुठल्याही वर्गात सांगावं असं होतं: "ती बाई माझ्यासारखा हिशोब करायची." अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या निरमानं स्वस्त पावडर घराघरांत नेली, तेव्हा सर्फला आपल्या जास्त किमतीचं उत्तर द्यावं लागलं. अलिक पदमसींच्या लिंटासनं ते उत्तर भाजी घासाघीस करून घेणाऱ्या एका गृहिणीच्या तोंडी दिलं: अर्धा किलो सर्फ एक किलो स्वस्त पावडरीच्या बरोबरीचं. बायकांच्या मनात जी शंका होती, तिलाच जाहिरात भिडली. अशी शंका ऑफिसात बसून सापडत नाही. कुणीतरी दारात उभं राहून ती ऐकलेली असावी लागते.

आमच्या कामाचं पुढे काय झालं ते फिल्डवरच्या माणसाला सहसा कळत नाही. अहवाल मुंबईला जातो, आम्ही पुढच्या पाहणीला लागतो. या वेळी मात्र काही महिन्यांनी त्याच संशोधक बाई पुन्हा बडोद्यात ब्रिफिंगला आल्या. पावडर तीच, थोडी सुधारलेली. त्यांनी सांगितलं की पहिल्या चाचणीत एका पुड्याचे मार्क एकत्र बघता बरे दिसत होते, पण पाण्याचा कोड वेगळा काढल्यावर बोरच्या पाण्याच्या घरांत तो पुडा सपशेल मागे पडला होता. म्हणून आता कोटाच, म्हणजे घ्यायच्या घरांची ठरलेली संख्या, दोन भागांत होता, निम्मी घरं नळाच्या पाण्याची आणि निम्मी बोरची. मी नवी प्रश्नावली उघडली. गाळणीत कपडे कोण धुतं याच्या लगेच खाली एक नवा प्रश्न छापलेला होता: "कपडे धुवायला तुमच्याकडे पाणी कुठलं येतं?" मी पेन्सिलीनं त्याच्याभोवती चौकट केली आणि शेजारी बसलेल्या नव्या मुलीला सांगितलं, हा वाचताना घाई करू नकोस, पाण्याच्या वेळाही विचार.